फोनवरचं आमंत्रण

नाशिक रोड
रविवार, १९ नोव्हेंबर २००६

प्रिय सहादू,

जयभीम. सुमनला आणि रोहिणीलाही सांग. इकडे थंडी जरा लवकरच उतरली. सकाळी समोरची इमारत धुक्यात अर्धीच दिसते, आणि ती पूर्ण होण्याची वाट बघता बघता माझा चहा गार होतो. सुयश काल पंचवटीतून मेथी घेऊन आला. इतकी कोवळी, की निवडून झाल्यावरही बोटांना वास राहिला. त्याची नोकरी बरी चाललीय.

तुझा फोन रोज येतो. मी उचलत नाही. सुयश उचलतो आणि सांगतो, "मामा, आई झोपलीय." सकाळी झोपलीय, संध्याकाळी झोपलीय. तू काही दुधखुळा नाहीस. ताई रुसली, असंच तू धरून चालला असशील.

रुसले होते, हे खरं. भाचीचं लग्न ठरलं आणि मला कळलं कसं? "ताई, चोवीस डिसेंबर, रविवार, सिन्नरलाच. पत्रिका कुरिअरने टाकतो. हेच आमंत्रण समज." अरे, सिन्नरहून इथे यायला एसटी आहे, जीप आहेत. सख्ख्या बहिणीला बोलवायला भाऊ दारात येतो. ती म्हणते, बस, पाणी घे. मग ती रुसते, तो समजूत काढतो, दोघं कधीतरी हसतात, आणि तिथून घरातलं लग्न सुरू होतं. ते तू एका मिनिटात उरकलंस.

म्हणून त्या रविवारी विहारात, विषय संविधानाचा असताना, मी फोनवर घसरले. "तथागत पंचेचाळीस वर्षं पायी हिंडले! माणसासमोर बसल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणून हिंडले! आणि आमचे भाऊ? लग्नाला फोनवर बोलावतात. उद्या पंगतही फोनवरच वाढतील!" सगळे हसले. माझ्या पायात चप्पल जायच्या आत ते वाक्य सिन्नरला पोचलं, आणि तेही कुणाच्या तरी फोनवरूनच. सुमनचं उत्तरही तसंच आलं: "तुमच्या ताईंना माईक चालतो अन् फोन नाय चालत व्हय? वायर तर दोन्हीला हाय!"

तिला सांग, हे ऐकून मी एकटीच खूप हसले. सभेत मला इतकं चोख उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

शब्द मात्र मी मागे घेत नाही. माईकवर बोलताना समोर चेहरे असतात. शेवटच्या रांगेतल्या बाईचे डोळे भरले की मला दिसतात, आणि माझं पुढचं वाक्य बदलतं. फोनवर मी बोलते तेव्हा तू कुठे बघत असतोस, मला काय ठाऊक? तरी नुसत्या शिव्या घालणंही खोटेपणाचं होईल. रोहिणीला डेंग्यू झाला तेव्हा तुझा एक फोन आला आणि आपल्या कॉलनीतली पोरं रक्त द्यायला सिन्नरला निघाली. त्या दिवशी मी चालत आले असते तर काय उपयोग होता? माझं भांडण फोनशी नाहीच. "कालच तर बोललो" या तुझ्या वाक्याशी आहे. त्या वाक्याने तुझे रविवार खाल्ले. पूर्वी तू यायचास, पेपर वाचत पडायचास, दुपारभर एक शब्द बोलायचा नाहीस, तरी संध्याकाळी तुला बसमध्ये बसवून परतताना वाटायचं की पोटभर बोलणं झालं.

हल्ली दुपारी फार झोप येते. औषधांची गुंगी असते. डोळा लागला की आपलं शेत दिसतं. आई मला बांधावर उभी करते. तिचा आवाज लहान, म्हणून तुला हाक मारायचं काम माझं. मी ओरडते, "सहाऽऽदू!" आणि स्वप्नात माझी हाक मला दिसते, पांढरी, कापसाच्या पेळूसारखी लांब होत ज्वारीवरून सरकणारी. तू लहानच असतोस, पाठमोरा. हाक तुझ्या मानेपर्यंत येते आणि तिथे विरघळते. तू वळत नाहीस. मला भीती वाटत नाही. सगळं इतकं शांत असतं की जागं व्हावंसंच वाटत नाही.

औषधं कसली, असं तू आत्ता सुमनकडे बघून विचारलं असशील.

घशात गाठ आहे, सहादू. पावसाळ्यात आवाज बसला तेव्हा वाटलं, भाषणं जास्त झाली. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, जीव वाचेल. आवाजाची पेटी काढावी लागेल." मी विचारलं, मग बोलायचं कशाने? त्यांनी टेबलावरचा कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मला उत्तर मिळालं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन आहे. सुयशला मीच दम दिला होता, मामाला कळता कामा नये म्हणून.

आता तुला कळेल मी फोन का उचलत नव्हते. विहारातलं भाषण मी कसंबसं ओढलं. त्यानंतर जे उरलंय ते घोगरं, फाटकं आहे. समोर असतास तर माझे डोळे, माझे हात मदतीला आले असते. फोनवर तुला तेवढा फाटका आवाजच ऐकू आला असता. ते मला सोसवेना.

तेव्हा हे ऐक. रोहिणीच्या लग्नात मंगल अष्टगाथा मी म्हणायच्या, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं आहे. चोवीस तारखेला मी मांडवात असेन. गळ्याला पट्टी असेल, हातात फुलं असतील, पण गाथा दुसरं कुणीतरी म्हणेल. म्हणून येत्या रविवारी रोहिणीला घेऊन ये. सुमनलाही आण, तिच्याशी वायरीचा हिशेब बाकी आहे. पोरीला माझ्यासमोर चटईवर बसव. जो आवाज उरलाय त्यात मी तिला आठही गाथा म्हणून दाखवीन. मध्ये थांबेन, पाणी पिईन, पुन्हा म्हणेन. कुणी रडायचं नाही. कुणी मोबाईलवर माझा आवाज भरून घ्यायचा नाही. रोहिणीने नुसतं माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. आणि सगळ्यांचे फोन बाहेर, चपलांशेजारी.

दारात आलास की आमंत्रण रीतसर दे. मी रुसेन. तू समजूत काढ.

ऑपरेशननंतरचंही सांगून ठेवते, कारण नंतर सांगता येणार नाही. तुला जमेल तेव्हा ये. नाही जमलं तर फोन कर. आता मीच उचलीन. इकडून काही ऐकू येणार नाही. "ताई, आहेस का?" असं विचारू नकोस. मी असेन. कंपनीतलं सांग, सुमन काय म्हणाली ते सांग, रोहिणी सासरी रुळली का ते सांग. काही सुचलं नाही तर समोर पेपर असेल तो वाच. जन्मभर मी बोलले आणि तू ऐकलंस, सहादू. आता तू बोल.

ऐकायला बसलेली,
तुझी कुसाताई