अकरा दिवस ओल्या पोत्यांखाली

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी आणि तीही अर्धी, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं रानातला पाला पुरवणारी आणि बाटल्या धुणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. वकिलाने खात्रीसाठी वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्याच्या शर्टाचं बटण भलत्या काजात गेलंय तेही सांगितलं. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. तशी करून पाहणारे आता हयात नाहीत.

कलम १. घर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. मधलं दार विटा लावून बंद करू नये. भांडायला तरी येता-जाता आलं पाहिजे.

कलम २. बँकेत निघेल ते दोन्ही सुनांना. मुलांनी माझ्या औषधपाण्याची चौकशी केली, सुनांनी औषधपाणी केलं.

कलम ३. विळा, ताणकाटा आणि ताडपत्री, प्रयोगशाळेत आता पाला आणते त्या बाईला. विळ्याची मूठ सैल आहे, धार मात्र शाबूत आहे.

कलम ४. मागच्या भिंतीलगतची चार हात रुंद पट्टी नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला. तिथे माकडजीभ उगवते. थोरली सून तिला कचरा म्हणते आणि थोरल्याला तिथे गाडी लावायची आहे. गाडी रस्त्यावर लावावी, ती गेली तर दुसरी घेता येते. माकडजीभ एकदा गेली की गेली. कोणी औषध समजून पानं चावू नयेत. शेजारणीच्या बोकडाने चावली होती. पुढचं शेजारीण सांगेल.

कलम ५. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सह्या झाल्या की नातीने हा कागद घेऊन आपल्या संशोधनाच्या सरांकडे जावं. तोंडी सांगितलं तर म्हातारी बरळते म्हणतील.

प्रयोगशाळेचा नियम असा: पाला सावलीत पातळ पसरायचा, दिवसातून दोनदा उलटायचा, पोतं बांधून वर चिठ्ठी लावायची. एका वर्षी माकडजीभेचा पाला वाळत होता आणि वाळवणाच्या खोलीवरची पाण्याची टाकी फुटली. मी ढिगावर पोती टाकली, तीही भिजली. त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांना दवाखान्यात हलवलं. अकरा दिवसांनी परत आले तर पाला काळा, आतून गरम, तंबाखूसारखा वास. दुसरा तोडायला वेळ नव्हता. तोच वाळवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘सावलीत वाळवलेला.’ खाली माझी सही.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी तो पाला स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढला. अर्क कागदाच्या पट्टीवर चढवला की त्यातलं एकेक द्रव्य वेगळं होऊन ठिपके पडतात; तर सगळ्यांत वर एक जांभळा ठिपका, कोणी न पाहिलेला. त्या ठिपक्यातला थेंब बशीतल्या जंतूंवर टाकला की भोवती स्वच्छ गोल पडायचा. साहेब म्हणायचे, “बशीतला जंतू मरणं वेगळं, माणूस जगणं वेगळं.” तरी छापून आलं. फोटो निघाला. फोटोत पोतं आलं, मी नाही. मला बाजूला व्हायला सांगितलं होतं.

मग इतरांनी पाला सावलीत वाळवून पाहिला. कोणालाच जांभळा ठिपका दिसला नाही. चौकशी बसली. साहेबांनी आकडे रचले असं ठरलं. मी दाराबाहेर बाटल्या धूत होते. साहेब आत म्हणत होते, “चूक कुठे झाली ते मला सांगता येत नाही.” मला येत होतं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही, आणि फोटोचा राग होता म्हणूनही. दोन्ही लिहिते.

आता तीन वर्षं नात त्याच पाल्याला चिकटली आहे. ठिपका नाही. तिचे सर म्हणतात, महिनाअखेर विषय सोड. मी आडून विचारलं, पाला कुजवून पाहिलास का? ती म्हणाली, “आजी, पानात असतं तेच अर्कात उतरतं.”

“दुधात दही असतं का गं?” मी विचारलं. ती हसली आणि फोन घ्यायला गेली.

मागच्या खोलीत खुंटीला एक पोतं आहे. अकरा दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवून मग वाळवलेलं. या वेळी चिठ्ठी खरी आहे. ठिपका निघेल की नाही मला माहीत नाही. पोतं नातीला.

कलम ६. माझ्यामागे रडारड नको. रडायचं असेल त्याने मागची पट्टी शिंपावी.

ठिकाण: माझं घर, मागची खोली. तारीख बारा, मंगळवार. महिना-वर्ष वकिलाच्या शिक्क्यावर आहे.

सही: लिहून देणार

साक्षीदार पहिले: पलीकडच्या दुकानातला शिंपी. न वाचता सही केली.

साक्षीदार दुसरे: प्रयोगशाळेचे निवृत्त साहेब. मी बोलावलं म्हणून काठी टेकत आले. कलम पाच दोनदा वाचलं. मग विचारलं, “बाई, ढीग किती उंच होता?” मी हात गुडघ्याशी धरून दाखवला. त्यांनी तेवढंच समासात लिहून घेतलं, ‘गुडघाभर’, आणि सही केली.

वकील म्हणतो, साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. साहेबांच्या नावे मी काहीही ठेवलेलं नाही.