निरगुडसरची चार पानं

पुणे,
रविवार, ७ ऑक्टोबर १९५६

प्रिय हनीफ,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. कामाच्या व्यापामुळे उशीर झाला असं लिहिणार होतो, पण या पत्रात तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. बोरी बुद्रुकच्या शाळेची भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून थेट वाशांपर्यंत चिरली आणि मोठ्या साहेबांनी तुला कामावरून बाजूला करून चौकशी लावली, हे मला इथे कचेरीत आधीच कळलं होतं. शेवटच्या चार ओळी मात्र ठाऊक नव्हत्या. अब्बांनी म्हातारपणी चुना नीट मळून घेतला नाही, बापाच्या हातावर विसंबलो हीच माझी चूक, म्हणून त्यांना कामावर यायची बंदी केली आणि तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही, असं तू लिहिलंस.

चुना चांगला होता, हनीफ. खोट माझ्या चार पानांत आहे.

आपल्या कचेरीची रीत तुला मी काय सांगू? इमारत पुरी झाली की ज्याने ती उभी केली त्याने तिची हकीकत लिहायची: जमीन कशी निघाली, काय अडलं, काय चुकलं, कसं निस्तरलं. शनिवारी ती सगळ्यांपुढे वाचायची आणि टाइप केलेल्या प्रती वाटायच्या, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने पुन्हा करू नये. निरगुडसरच्या शाळेची माझी पानं साहेबांना फार आवडली होती. त्यांनी ती नव्या लोकांना नमुना म्हणून द्यायला सांगितली, आणि मी पुढे महिनाभर कचेरीत नाक वर करून हिंडत होतो. सगळ्यांत जास्त टाळ्या तूच वाजवल्या होत्यास.

आता त्या पानांत नसलेलं ऐक. त्रेपन्न सालच्या मे महिन्यात निरगुडसरला जोतं बांधून झालं. तू तेव्हा पुण्यात होतास, मुख्य गवंडी तुझे अब्बा. मला पावसाआधी भिंती चढवायच्या होत्या. चाचा म्हणाले, ‘सायेब, ही काळी जमीन हाय. जोतं एक पावसाळा तसंच ऱ्हाऊ द्या. बसायचं ते बसू द्या, मग भिंत चढवू.’ ज्यांच्या घरी मी अर्ध्या चड्डीत येऊन ताजबीचाचींच्या हातचं खाल्लं, ते मजुरांदेखत मला साहेब म्हणत होते, का तर माझा मान राहावा. आणि मी त्याच मजुरांदेखत त्यांच्यावर ओरडलो, की असलं काही पुस्तकात नसतं, कामचुकारपणा मला चालणार नाही. चाचांनी ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला आणि जुन्नरची वाट धरली. त्यांच्या जागी दुसरा गवंडी येईना. मी हात चोळत बसलो आणि जोत्याने पुरा पावसाळा खाल्ला.

दसऱ्याच्या सुमारास जाऊन पाहतो तर ओढ्याकडचा कोपरा चार बोटं खचलेला. वर भिंत असती तर काय झालं असतं ते आज तू बोरीत पाहतो आहेस. चाचा न बोलावता आले. तो कोपरा उकलला, मुरूम लागेपर्यंत खणला, पुन्हा भरला आणि मगच भिंतीला हात घातला. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

निरगुडसरात शिकण्यासारखं काही असेल तर एवढंच होतं, आणि तेवढंच मी गाळलं. दगड वेळेवर न मिळाल्याने काम चार महिने थांबलं, साडेतीन फूट पाया पुरेसा ठरला, असं लिहिलं. चाचांचं नावसुद्धा घातलं नाही. त्या वर्षी वरची जागा रिकामी व्हायची होती आणि गवंड्याने साहेबाला शिकवलं असं साहेबानेच कसं लिहायचं? एवढ्यावर थांबलो नाही. जुन्नरला जाऊन चाचांचे हात धरले, हे कुणाला सांगू नका, हनीफलाही नाही, माझी बढती जाईल म्हणालो. ‘न्हाई सांगत. जबान दिली,’ एवढंच ते म्हणाले.

तू लिहिलंस की बोरीत अब्बांनी आधी पावसाळाभर थांबायचा हट्ट धरला, मग तू त्यांना माझी पानं वाचून दाखवलीस. ‘तसं लिवलंय व्हय? मग तसंच आसंल,’ म्हणून ते गप्प झाले आणि तुला वाटलं त्यांना पटलं. त्यांना पटलं नव्हतं रे. आपल्याच हातांनी उकललेला तो कोपरा ते विसरले असतील का? ते माझी लाज राखत होते आणि तुझी भिंत चढवत होते.

काल शनिवारी मी कचेरीत उभा राहून खरी हकीकत वाचली, चाचांच्या नावासकट. तुझ्यावरची चौकशी मागे घेतो असं साहेब म्हणाले. माझं काय करायचं ते उद्या ठरेल आणि जे ठरेल ते कमीच असेल.

पण हे पत्र मी चौकशीसाठी लिहीत नाही. गेल्या रविवारी मी जुन्नरला तुमच्या घरी गेलो होतो. तू चौकशीसाठी बोरीत होतास. चाचा ओट्यावर एकटेच बसले होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. बरं वाटलं असतं. ते म्हणाले, ‘कुंडलिक, पोरगं माझ्याशी बोलत न्हाई. लई जड जातंय. आता सांगू का त्याला? तुझी हरकत नसंल तरच.’ ते माझी परवानगी मागत होते, हनीफ. आणि मी काय म्हणालो असेन? ‘थोडं थांबा, चाचा,’ म्हणालो. ते बरं म्हणाले आणि मला एस्टीपर्यंत सोडायला आले. ते अजून थांबले असतील. पत्र इथेच ठेव आणि आधी घरी जा.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझाच,
कुंडलिक