ईशान्येची खुंटी

१४ ऑक्टोबर १९८६
ॲरिझोना
(गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नरेंद्रराव लगेच नकाशा उघडून बसतील आणि त्यांना ते सापडणार नाही.)

प्रिय पद्मजा,

तुला अनेक आशीर्वाद, नरेंद्ररावांना नमस्कार आणि अमितला, तो घरात सापडलाच तर, मावशीतर्फे एक धपाटा.

आम्ही मजेत आहोत. दिवसा ऊन, संध्याकाळी गारठा. मोटरहोममधला, आमच्या या चाकांवरच्या घरातला, फ्रिज प्रोपेन गॅसवर चालतो आणि मनात आलं तरच थंड राहतो. तुझा चिवडा पोचला. पोस्टातल्या बाईने डबा कानाशी धरून हलवून पाहिला आणि हे पक्ष्यांचं खाणं आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं. कुठे समजावत बसू?

तू पत्रात विचारलं आहेस की जमिनीचं पुढे काय झालं, आणि मी फोन करते तेव्हा भाऊजी का बोलत नाहीत. जमिनीचं आधी सांगते.

तुला माहीतच आहे, शॉमबर्गचं घर विकलं तेव्हा आमचा करार काय होता तो. एक वर्ष मोटरहोममधून अमेरिका बघायची आणि मग कॅरी गावी लेकीच्या, दीपाच्या जवळ छोटं घर घ्यायचं. एकाची दोन वर्षं झाली. मी दर राज्यात कॅरीची आठवण करून द्यायची आणि तुझ्या भाऊजींनी पुढच्या राज्याचा नकाशा उघडायचा. त्यात एका कॅम्पग्राउंडवर त्यांना एक जोडपं भेटलं. त्यांनी वाळवंटात जमीन घेतली होती. वीज नाही, नळ नाही, शेजार नाही, भाडं नाही. हे सगळं नसण्याचं त्या माणसाला इतकं कौतुक होतं, की यांच्या डोळ्यांत मला तेव्हाच चमक दिसली. सोन्याचा हार बघूनही माझ्या डोळ्यांत कधी आली नसेल तशी!

मग आमची वणवण सुरू झाली. एका एजंटाने आम्हाला ट्रकमधून नेलं, काच खाली केली, हात बाहेर काढून हवेत एक गोल काढला आणि म्हणाला, "तुमची जमीन साधारण तिथे." तिथे म्हणजे कुठे? जिकडे पाहावं तिकडे तेच दगड, तीच तांबडी माती, तीच खुरटी झुडपं. मी म्हटलं, "अहो, उतरून तरी बघू या." पण यांनी कागदावरचा नकाशा आधीच पाठ केलेला. टेलिफोन कंपनीत आयुष्यभर लायनींचे नकाशे काढलेला माणूस, त्याला मी काय सांगणार? काउंटी ऑफिसात जाऊन सह्या केल्या. माझीही सही आहे. मी भांडले, चिडले, रडलेही थोडी, पण सही केली. एकच अट घातली. भूमिपूजन केल्याशिवाय मी त्या जमिनीवर चहासुद्धा ठेवणार नाही.

श्रावणातला मुहूर्त तूच काढून दिलास. तो भारतातल्या वेळेप्रमाणे धरायचा की इथल्या, यावरून आपण दोघी फोनवर किती वेळ भांडलो, आणि दुकानातल्या फोनमध्ये नाणी माझी जात होती!

यांचा देवाधर्मावर विश्वास नाही, पण एकदा करायचं ठरलं की सगळं पुस्तकातल्यासारखं व्हायला हवं. मी म्हटलं होतं की कलश ईशान्य कोपऱ्यात पुरायचा. झालं. हे होकायंत्र घेऊन उन्हात फिरायला लागले. अख्ख्या परिसरात हद्दीची एकच लोखंडी खुंटी सापडली, तिला नारिंगी रिबन बांधलेली. यांनी होकायंत्र पाहिलं, नकाशा पाहिला, परत होकायंत्र पाहिलं आणि जाहीर केलं, "ही आपली ईशान्य." तिच्याजवळच एक ज्युनिपरचं झाड होतं, बुटकं पण सावली देणारं. त्याच्या सावलीत आम्ही खड्डा खणला. तांब्यात पाणी, सुपारी, हळकुंड, नाणं. नारळ मी दूरच्या सुपरमार्केटातून आणला होता. तो इतका जुना होता की फोडल्यावर आत पाण्याचा थेंब नाही. मंत्र मला आठवतील तेवढे म्हटले. हे पूजा करत होते आणि मी रीतीप्रमाणे त्यांच्या हाताला हात लावून बसले होते. आजूबाजूला एक माणूस नाही. मला हसू येत होतं आणि कसंतरीही होत होतं.

त्या झाडाखाली आम्ही गाडी लावली आणि राहायला लागलो. लांबच्या दुकानातून पाणी भरून आणायचं, भांडी घासायला ते जपून वापरायचं, आंघोळ तर विचारूच नकोस. मी रोज कुरकुरत होते. यांना त्या कुरकुरीचं काही वाटत नव्हतं. घर कुठे बांधायचं तिथे त्यांनी दगड मांडले होते. "ही तुझी ओट्याची खिडकी," असं म्हणून मला दोन दगडांच्या मधे उभं करायचे. आणि मी उभी राहायची, बरं का.

एक दिवस एक ट्रक आला. म्हातारा माणूस, वॉल्टर नावाचा, टूसॉन शहरात राहतो. त्याने टोपी काढली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, माझ्या हातचा चहा घेतला, आणि मग कानशील खाजवत म्हणाला की सांगायला बरं वाटत नाही, पण तुम्ही माझ्या जागेवर आहात.

पद्मजा, चार जमिनी जिथे मिळतात तिथे खुंटी एकच असते. चौघांची मिळून एक. आमची ईशान्य म्हणून यांनी जी ठरवली ती होती आमची वायव्य. आमची जमीन तिच्या पूर्वेला, आणि आम्ही पूजा केली तिच्या पश्चिमेला. म्हणजे कलश, सुपारी, हळकुंड, मंत्र, सगळं वॉल्टरच्या नावाने. झाड त्याचं. माझ्या ओट्याची खिडकीही त्याचीच. मला ईशान्य हवी होती आणि यांना ईशान्य मिळवून द्यायची होती, म्हणून जी खुंटी दिसली ती ईशान्य झाली.

मला तर हसूच फुटलं. तोंडाला पदर लावून हसले. मग यांच्याकडे पाहिलं आणि थांबले.

आता चूल विझवते. उरलेलं उद्या.

*

१५ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. सगळं खरं आहे, पण वरवरचं आहे. "आम्ही मजेत आहोत" असं मी लिहिलं आहे. ते खोडणार होते. राहू दे, सवयीने लिहिलं गेलं.

वॉल्टर गेला. दुसऱ्या दिवशी यांनी गाडी हलवून आमच्या खऱ्या जमिनीवर आणली. इथे झाड नाही. उतार आहे, दगड आहेत, वाराही जास्त आहे. यांनी खाली उतरून एकदा चहूकडे पाहिलं आणि आत जाऊन झोपले. भर सकाळी. चिडले असते, त्या एजंटाला शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. पण ते म्हणायला लागले, की पूजाच चुकली म्हणजे अपशकुनच झाला. अगं, ज्यांनी आमच्या लग्नात भटजींना मंत्रांचा अर्थ विचारला, ते हे! मला कळत होतं, अपशकुन वगैरे काही नाही. या माणसाला नकाशा वाचता आला नाही, आणि ते बायकोसमोर आणि परक्या माणसासमोर उघडं पडलं. ते त्यांना सोसवलं नाही.

आठवड्याने म्हणाले, "चल. ही जमीन विकून टाकू. कॅरीला जाऊ. तुला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवं होतं. दोन वर्षं मी दुसरं काही मागितलंच नाही. त्यांनी गाडी आवरली, सिंकमधली भांडी बांधली, छोटी गाडी मागे जोडली, इंजिन सुरू केलं. मी बाहेर घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हॉर्न वाजवला. मी उठले नाही. रुसले होते असं समजू नकोस, खरंच रुसले नव्हते. उठावंसं वाटलं नाही, इतकंच. नागपुरात बाबांनी "चल" म्हटलं की मी निघायची. मग हे म्हणाले "चल", अमेरिकेला आले. "चल", शॉमबर्गला. "चल", मोटरहोममध्ये. प्रत्येक वेळी आधी कुरकुरायची आणि मग पदर खोचून निघायची. या वेळी पाय हललेच नाहीत. का, ते मला विचारू नकोस. मीच रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले. विचारलं, "तुला इथे राहायचंय? या दगडांत?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "मग काय हवंय?" मी म्हटलं, "तेही माहीत नाही." भांडण झालं असतं तर सोपं गेलं असतं.

तर आता लिहितेच. तुझे भाऊजी इथे नाहीत. ते कॅरीला दीपाकडे आहेत. मीच त्यांना छोट्या गाडीतून बसस्टँडवर सोडलं, वाटेसाठी थालीपिठं बांधून दिली, सोबत लोणच्याची बाटली. बस सुटेपर्यंत आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो होतो, लोकांना वाटलं असेल की दोघंही कुठेतरी निघालोत. ते म्हणाले, "आठवड्याभरात येशील ना?" मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, मलाच कळलं नाही. त्यांनी तरी काय समजावं?

दिवाळीला तुम्ही सगळे दीपाकडे जमाल तेव्हा तुला कळणारच होतं. तिथे जिलब्यांच्या ताटापाशी दीपाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या हातून कळलेलं बरं, म्हणून लिहिते आहे. तुझ्याशी आजवर काही लपवलं नाही, आणि गेले तीन फोन मी "हे पाणी आणायला गेलेत" असं सांगत आले. त्याबद्दल रागावू नकोस.

ते गेल्यावर एक गोष्ट केली. वॉल्टरला विचारून त्याच्या झाडाखालचा तांब्या उकरून काढला. मातीने काळा झाला होता, सुपारी मात्र जशीच्या तशी. खुंटीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, खड्डा खणून परत पुरला. ईशान्य शोधत बसले नाही. वायव्य वाऱ्याची दिशा, तिथे काही स्थिर राहत नाही असं आई म्हणायची. मोटरहोमला तीच बरी. मंत्र तेच म्हटले, आठवतील तेवढे. पूजा मीच केली, आणि माझ्या हाताला हात लावायला कोणी नव्हतं. तेवढ्यापुरतं फार रडू आलं. मग भात लावला.

घाबरू नकोस. वॉल्टर आठवड्याला चक्कर टाकतो आणि त्याच्या गप्पा ऐकून ऐकून माझं डोकं दुखतं. पाणी मी आणते. प्रोपेनची टाकी बदलायला शिकले. सापाची भीती वाटते ती वाटतेच. सकाळी बॅग भरते आणि दुपारपर्यंत रिकामी करते, असं बरेच दिवस चाललं आहे. दीपा फोनवर म्हणाली, "मॉम, धिस इज क्रेझी. बाबा जेवत नाहीत नीट." मी म्हटलं, "त्यांना आमटीत गूळ घालून दे." तर म्हणाली, "यू आर नॉट लिसनिंग!" ऐकत होते गं मी. त्या मुलीला कसं सांगू, की तिच्या बाबांची मला इतकी आठवण येते, की संध्याकाळी चहाचे दोन कप काढते आणि मग एक रिकामाच परत ठेवायला नको म्हणून दोन्हीतून पिते? आणि तरीही इथून निघावंसं वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात? तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, सांग.

काल दुकानातून पुन्हा फोन केला. दीपा म्हणाली, बाबांनी सांगितलंय, त्यांचा निळा स्वेटर आणि जास्तीचा चष्मा पोस्टाने पाठव. फोन स्वतः घेतला नाही. मागून खोकल्याचा आवाज आला, तो त्यांचाच होता. पोस्टाने मागवतात, म्हणजे यायचा विचार नाही असंच ना? की नुसती थंडी वाजते आहे? मी फोन ठेवल्यावर तिथेच दुकानात कॅनच्या रांगांपुढे कितीतरी वेळ उभी होते.

तू दिवाळीत त्यांना भेटशील. त्यांना सांग, की मी येते आहे. नाही, तसं नको सांगूस, मला ते नक्की माहीत नाही. मी येणार नाही असंही सांगू नकोस. नकाशा चुकला याचं मला काहीच वाटलं नाही, हे सांग. मी हसले ते त्यांना नव्हे, हेही सांग. ते ऐकून घेणार नाहीत, तरी सांग.

चष्मा आजच पाठवते आहे. स्वेटर मी घातला आहे. तो मी पाठवणार नाही. हवा असेल तर येऊन अंगावरून काढून न्या म्हणावं.

तुझी ताई,
वसुधा