बिनदुधाचं लोणी

प्रिय खारुताई,

सत्तावीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या बाईला तिच्या बापाने खारुताई म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझं पाळण्यातलं नाव मी शोधून काढलं होतं आणि त्याचा अर्थ पाहुण्यांना समजावून सांगता सांगता माझा घसा बसायचा. हे नाव आईने दोन क्षणांत ठेवलं आणि तेच घरभर चाललं. उशीखाली शेंगदाणे साठवणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार होतो आम्ही?

तुझं पार्सल मागच्या मंगळवारी पोचलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला आईचा वजनकाटा, आणि त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: ‘आईच्या डब्यात उरलेलं लोणी दुधाचं आहे. तिने मला फसवलं. हा काटा मला नको.’ पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासले, पण इतकं नेमकं गद्य क्वचितच वाचलं. लाल शाईला कुठे जागाच ठेवली नाहीस. काटा तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर आहे. मी एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. दोघेही शून्यावर.

तू जेवणाच्या ताटावरून जाहीर केलंस तो रविवार आठवतो? दूध नाही, दही नाही, लोणी नाही, मध नाही. आईने फक्त एवढंच विचारलं, “मग खाणार काय गं तू?” मी मात्र गप्प बसलो असतो तर मास्तर कसला? वासरू आणि गाय यांच्यावर व्याख्यान झोडलं, दोन श्लोक फेकले, तेही अर्थासकट. तू शांतपणे म्हणालीस, “बाबा, तुम्ही वर्गात अहिंसा शिकवता आणि घरी येऊन लोणी चाटता.” आई हसली. तिच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही असं मी तेव्हा दाखवलं. दाखवण्यात मी नेहमीच बरा.

तू परगावी गेलीस आणि आईला ध्यास लागला. पोरगी दिवसभर काम करते, दुपारी चार वाजता तिला भूक लागते, तेव्हा तिने खायचं काय? दर शनिवारी मला पिशवी घेऊन तिच्याबरोबर दुकानांत हिंडावं लागायचं. चष्मा तिचा, भिंग माझं. ती फळीवरून पाकीट उचलायची, मी मागची बारीक अक्षरं वाचायचो. दुकानदाराला वाटायचं, सरकारी तपासणी आली. खारी बिस्किटं निर्दोष म्हणून हातात घ्यावीत, तर तळाच्या ओळीत दुधाची भुकटी. बटाट्याच्या कापांवर नुसतं मीठ असेल म्हणावं, तर मसाल्यात दह्याची निवळी वाळवून घातलेली. लाल गोळ्यांचा रंग किड्यांपासून, चकाकणाऱ्या गोळ्यांची चकाकी लाखेपासून, लुसलुशीत गोळ्यांचा लुसलुशीतपणा हाडांपासून. मी वाचत जायचो आणि आई वहीत लिहीत जायची. दवाखान्यात औषधं मोजून देण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे वहीतसुद्धा तीन रकाने: चालेल, चालणार नाही, विचारायला हवं. ‘नैसर्गिक स्वाद’ हा शब्द तिसऱ्या रकान्यात पडला तो कायमचा. “निसर्गात गायपण येते ना हो, पंडित?” असं ती म्हणायची. माझ्या सगळ्या शिक्षणाला तिने दिलेली एवढीच पदवी, पंडित.

शेवटी ती वहीच मिटवून म्हणाली, “घरीच करते. निदान आत काय आहे ते मला तरी माहीत असेल.” आणि मग ते बिनदुधाचं लोणी आमच्या घरात आलं. आमच्या तर्कशास्त्रात अशा वस्तूंसाठी एक जुनं उदाहरण आहे, आकाशातलं फूल. नाव आहे, पण वस्तू नाही. हे मी तिला ऐकवलं. “वस्तू आहे, शहराच्या पलीकडच्या टोकाला मिळते, आणि ती आणायची तुम्ही,” ती म्हणाली. त्याची वडी मी आणायची, वेष्टन सोडून निळ्या झाकणाच्या डब्यात दाबून भरायची, हे काम माझ्याकडे आलं. तिच्याकडे मोजणं, मळणं, भाजणं. आणि दुसरं काम माझ्याकडे आलं ते वासाचं. त्या मोठ्या तापानंतर तिचा वास गेला होता, हे तुला ठाऊक आहे. पण किती गेला होता ते तिने तुला कळू दिलं नाही. चवही जवळजवळ गेलीच होती. भट्टीसमोर मला खुर्ची टाकून बसवायची आणि दर दोन मिनिटांनी विचारायची, “आला का वास? नीट घ्या. पेपर ठेवा खाली.” मी झालं म्हटलं की ती दार उघडायची. तिचं नाक म्हणजे मी. एवढ्या विश्वासाने तिने मला दुसऱ्या कुठल्याच कामाला लावलं नव्हतं.

पहिले चार महिने बिस्किटं काही जमली नाहीत. पार्सल तुझ्याकडे पोचेपर्यंत अर्ध्यांचा भुगा व्हायचा. तू फोनवर म्हणायचीस, “छान आहेत गं, आई,” आणि ती फोन ठेवून माझ्याकडे बघायची. “छान म्हणताना तिचा आवाज बघितलात? दातदुखीवाले पेशंट बोलतात तसा.” ती पिठाचं प्रमाण दोन दोन ग्रॅमने बदलायची, वहीत लिहायची, पुन्हा भाजायची. मग आला तो जूनमधला डबा. तू पार्सल फोडलंस आणि तिथूनच फोन केलास, तोंड भरलेलं असताना. “आई! जमली! काय केलंस तू?” आई त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसली. मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. काय केलं ते तिलाही सांगता येईना. वहीत तिने त्या दिवसाच्या प्रमाणाभोवती चौकोन काढला आणि त्यानंतर एक ग्रॅमही इकडचं तिकडे केलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला डबा. झाकणावरची चिठ्ठी माझ्या अक्षरात, कारण तिच्या मते माझं अक्षर दिसायला प्रामाणिक होतं: मैदा, साखर, बिनदुधाचं लोणी, मीठ, वेलची. तू एकदा तिला लिहिलं होतंस, “जगात हा एकच डबा आहे, ज्याच्यावर काय लिहिलंय ते मी वाचत नाही.” ते पत्र तिने वहीत ठेवलं. अजून तिथेच आहे. ऑफिसातल्या मैत्रिणींनाही तू ती बिस्किटं वाटायचीस, त्यातल्या एकीने तुझं ऐकून दूध सोडलं, हेही त्यात आहे.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. आई कोरा चहा प्यायची, तू आलीस तेव्हा पाहिलंस, आणि पित्ताचं निमित्त तिने तुला सांगितलं. पित्त वगैरे काही नव्हतं. तू सोडलंस त्याच्या पुढच्या महिन्यात तिने सोडलं, दूध, दही, सगळं. तुला सांगू नका म्हणाली. “तिला वाटेल मी तिच्यावर पाळत ठेवतेय. नाहीतर तिला वाटेल मी मोठा त्याग केलाय, आणि मग ती मला उपदेश करेल. तुमचीच मुलगी ती.” बिस्किटं मात्र आवडीने खायची. डब्यात भरताना तुटलेली बशीत काढायची आणि कोऱ्या चहात बुडवून खायची. चव लागायची नाही, पण कुरकुरीत लागतात म्हणायची. अडीच वर्षं.

फेब्रुवारीत ती गेली. तू आलीस, स्वयंपाकघर आवरलंस, काटा घेतलास, वही मला ठेवलीस, आणि निळ्या झाकणाचा डबा घेतलास. आत मूठभर उरलं होतं. त्यातून शेवटचा एक घाणा करणार होतीस. मी दारात उभा होतो. डबा राहू दे, शिळं झालं असेल, असं म्हणालो. तू म्हणालीस, “असू दे शिळं.” मी दारातून बाजूला झालो. इतकी वर्षं दुधापासून लांब राहिलेलं तुझं नाक. झाकण उघडताच कळलं असणार.

गेल्या बुधवारी तुला उत्तर लिहिलं. चांगलं चार पानी, शैलीदार. आईच्या मायेला तत्त्वांपेक्षा लेकीच्या हातापायांतली ताकद मोठी वाटली असेल, तिला क्षमा कर, असा त्याचा आशय. एकही वाक्य उघड खोटं नाही, सगळीकडे ‘असेल’. मी ते पुन्हा वाचलं आणि मला आवडलं. पाकिटावर तिकीटसुद्धा लावलं. तिच्या बाजूने बोलायला आता कोणी नाही, आणि मला पोरगी एकच आहे. तीही गेली तर या टेबलावर काटा आणि मी. हा हिशेब मी आठ दिवस घोकला. आज सकाळी ते पत्र फाडलं. तर ऐक. मे महिन्याच्या शेवटी त्या पलीकडच्या दुकानात माल नव्हता. उन्हातून पुन्हा जाण्याचा मला कंटाळा आला, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून साधं लोणी आणलं आणि डब्यात दाबून भरलं. एकदाच, असं ठरवून. मग तुझा फोन आला आणि आई हसली, आणि पुन्हा तो भुगा, पुन्हा ते ‘छान आहेत गं’ मला तिच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की तू फोनवर मला दुधाबद्दल चार शब्द सुनावायचीस तेव्हा मी मनात म्हणायचो, चाट लोणी, चाट. तीसेक महिने मी तो वाद दर महिन्याला जिंकत होतो, आणि त्यासाठी भट्टीसमोर बसून, वास ओळखून, तिला सांगत होतो, “झालं, काढ.” तुझ्याबरोबर तिचंही व्रत मी मोडलं, आणि ते तिला कधीच कळलं नाही. तिने तुला फसवलं नाही. तिच्या हातून जे मोजलं गेलं ते सगळं बरोबर होतं. काटा पुन्हा टॉवेलात बांधून ठेवला आहे, वहीही त्यात घातली आहे. उद्या पोस्टात टाकतो. चौकोनातल्या प्रमाणाला हात लावू नकोस, ते माझ्या लोण्याचं आहे. त्याच्या आधीची चार महिन्यांची पानं बघ, भुग्याची. ती तिची आहेत. आणि वहीतल्या ‘चालणार नाही’च्या रकान्यात तू तिचं नाव लिहिणार असशील, तर थांब. तिथे मी माझं लिहून पाठवलं आहे, प्रामाणिक दिसणाऱ्या अक्षरात.

तू म्हणशील तोवर तुझाच,
बाबा