वाटेत वाढवलेलं ओझं

१७ नोव्हेंबर, दुपारी बारा
गेस्ट हाउस, खोली नऊ

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी धडधाकट आहे. उन्हाने नाकाचं साल निघालंय, तेवढंच.

ओझं पेलवत नसताना माणूस हसून "चालेल" का म्हणतो? काल रात्रीपासून मी याचाच विचार करतेय आणि मला उत्तर सापडत नाही. तुम्ही तीस वर्षं बाजारात हमाली केलीत, म्हणून तुम्हाला विचारतेय.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, सावकाश वाचा. फोन केला असता तर आईला माझा आवाज कळला असता आणि सांगायचं ते राहून गेलं असतं.

आम्ही परवा डोंगर उतरून या शहरात आलो. विमानाला वेळ होता, म्हणून काल सगळा गट शहर पाहायला निघाला. शहर कसलं, डिवचलेलं मोहोळ! एका स्कूटरवर चार माणसं आणि एक मोठा आरसा पाहिला. रस्ता ओलांडायची हिंमत होईना, म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईचा हात धरला. ती म्हणाली, "बरं झालं आलीस. मी मघापासून तुझ्याच भरवशावर उभी आहे." आईला हे वाचून दाखवा, हसेल.

मग एका अरुंद गल्लीत एक हमाल दिसला. पाठीवर लोखंडी कपाट, पट्टा कपाळावर. आमच्यातले फोटो काढायला लागले. मी त्याच्या पोटऱ्यांकडे पाहत राहिले. शिरा तशाच फुगलेल्या, तुमच्यासारख्या. बाबा, मी गटात सांगितलं होतं की वडील वाहतुकीच्या धंद्यात आहेत. मैत्रिणीने विचारलं, "गाड्या किती?" मी म्हटलं, "एक." हातगाडी म्हणाले नाही.

त्या हमालाला पाहिल्यावर मला पुढे चालवेना. मी गट सोडला आणि हॉस्पिटलात गेले.

डोंगरावर आमचं सामान वाहायला जो माणूस होता, तो तिथे आहे. चढावर तोंडाने हुश्श हुश्श करायचा, म्हणून आम्ही त्याला 'इंजिन' म्हणायचो. निघताना त्याचं ओझं काट्यावर तोललं होतं. तिसऱ्या दिवसापासून मी वाटेवरचा कचरा वेचायला लागले. काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, कुजलेले दोर. नोकरी देणाऱ्या संस्थेने रुजू व्हायच्या आधी मला त्यासाठीच तर पाठवलं होतं. पोतं भरलं की सगळे टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचा. मग ते पोतं मी त्याच्या ओझ्यावर बांधायचे. "चालेल ना?" असं विचारायचे. तो हसून "चालेल" म्हणायचा. कचरा मी वेचला, बाबा. वाहिला त्याने.

सातवीत असताना मी तुमचा डबा घेऊन बाजारात आले होते, आठवतं? व्यापाऱ्याने अर्ध्या वाटेत तुमच्या गाडीवर आणखी एक गोणी टाकली. तुम्ही सगळा माल भर चौकात उतरवलात. "वजन आधी सांगायचं, शेठ. पाऊल उचलल्यावर भर टाकायची नाही." माणसं जमली. मला इतकी लाज वाटली की घरी येताना मी चार पावलं मागून चालले. पुढे कॉलेजात कामगारांच्या हक्कांवर निबंध लिहिले, बक्षिसं घेतली, आणि तुमचं ते बोलणं डोंगरावर एकदाही आठवलं नाही.

सहाव्या दिवशी उतारावरच्या पायऱ्यांवर तो कोसळला. मणका दुखावला. त्याला इथे हलवलं आणि आम्ही उरलेली वाट चालून आलो.

वॉर्डात त्याची बायको त्याच्या पायांशी बसून त्याच्या अंगठ्याला चिमटे काढत होती.

"आज कळलं?"

"चिमटा काढतेस का गुदगुल्या करतेस?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "उगाच बोलतो. काही कळत नाही त्याला." मग म्हणाली, "रोजचं ओझं मला माहीत आहे. वरचं ते पोतं कसलं होतं हो?"

"जाऊ दे गं, पाय माझाच घसरला," तो म्हणाला. मी बिस्किटांचा पुडा ठेवला आणि पळून आले.

संध्याकाळी गटप्रमुखाने सहीसाठी कागद पुढे केला. ओझं ठरल्याएवढंच होतं, हा माणूस जुनं दुखणं लपवून आला, असं त्यात लिहिलेलं. तसं ठरलं की त्याला ना उपचार मिळणार, ना भरपाई, ना पुन्हा काम.

"पण पोतं..." मी म्हटलं.

"पोतं कागदावर आलं तर सोमवारी संस्था तुला रुजू करून घेईल? तुझ्या भल्याचं सांगतोय. घरातली पहिली ग्रॅज्युएट ना तू?"

या नोकरीच्या आनंदात तुम्ही सगळ्या बाजाराला चहा पाजलात, ते डोळ्यांपुढे आलं.

मी सही केली, बाबा.

आज सकाळी सातला गटप्रमुखाचं दार वाजवलं आणि कागद परत मागितला. तो म्हणाला, "वेड लागलंय तुला." सहीवर काट मारून मी खाली लिहिलं, की पोतं माझं होतं, तिसऱ्या दिवसापासून रोज भरत गेलं, कधीच तोललं नाही. त्याची प्रत डोंगर चढायचा परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीत दिली, पोच घेतली. दुसरी संस्थेला पाठवली. तिथून हॉस्पिटलात गेले आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. तिने शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "कचरा?"

नोकरी गेली असंच धरून चाला. चहा प्यायलेले विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला दोष द्या, चालेल.

हे पत्र मैत्रिणीबरोबर देतेय. ती दारात एकटी दिसली तर आईला घाबरू देऊ नका. चौकशीत माझा जबाब लागणार आहे. कधी, ते कचेरीत कुणी सांगत नाही. विमान चारला सुटेल. माझं तिकीट मी सकाळीच परत केलंय.

तुमची,
इथे थांबलेली लेक