पटाशीनं पेंड फोडणारी माणसं

बुधवार, चैत्र वद्य पंचमी

जेवण गेलं नाही. किळस आली नुसती. जनावरांच्या चारा छावणीवर गेलो ते उगीच गेलो.

हात थरथरायला लागल्यापासून माझं सुतारकाम बंद. म्हणून मागच्या महिन्यात हत्यारांची पेटी छावणी चालवणाऱ्या गावच्या सोसायटीला देऊन टाकली. दुष्काळात कुणाची बैलगाडी मोडली, छावणीतला खुंटा निसटला तर उपयोगी पडेल, एवढंच मनात होतं. चेअरमननं हारबीर घालून फोटोही काढला.

आणि आज बघतो तर त्यांचा माणूस माझ्या लाकूड कोरायच्या पटाशीनं जनावरांची पेंड फोडतोय! वरनं दगडाचे घाव. मी ओरडलो, तर चेअरमन खुर्चीतनंच म्हणतो, "आबा, लोखंडच हाय की! लाकूड काय अन् पेंड काय, त्याला कुठं कळतंय?" सगळे फिदीफिदी हसले. पेटीत हात घातला तर आत पानाच्या पिचकाऱ्या. शी! फुकट मिळालं म्हणून त्यात थुंकायचं?

त्या माणसाच्या हातातनं पटाशी काढून घेतली, अन् पेटी रिक्षात घालून थेट दिंद्रुडला रशीदकडं नेली. दारं-चौकटी करतो तो. त्याला झालेलं सगळं सांगितलं. पटाशीच्या धारेवरनं त्यानं अंगठा फिरवला, अन् उखडला तो माझ्यावरच. "चाचा, असल्या लोकांच्या हातात ही दिलीच कावून? लाज न्हाई वाटली?"

पोटच्या पोरांनीही कधी मला असं झापलं नव्हतं. पण खरं लिहायचं तर दिवसभरात तेवढंच बोलणं बरं वाटलं. पटाशीसाठी आणखी कुणाचं तरी रक्त तापलं. पेटी त्याच्याकडंच ठेवून आलो.