सरांचा ठिपका

३ मार्च, सकाळी
सर जाऊन महिना झाला. त्यांची खोली आता माझी. टेबलाशी बसलं की मागून कोणीतरी स्क्रीनकडे पाहतंय असं वाटतं. भास आहे. दुर्लक्ष करायचं.
संकल्प: सरांचा ठिपका याच महिन्यात ओळखायचा. आकाशाच्या एका कोपऱ्यातला अंधुक एक्स-रे ठिपका. दरवर्षी एक्स-रे प्रकाशाचे जेमतेम दहा-बारा कण हाती लागतात. तारा की दूरचं कृष्णविवर, यावर सरांनी वीस वर्षं डोकं आपटलं. मला दोन आठवडे पुरेत.

४ मार्च
काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, भेटून आलो. कृष्णविवरच आहे, सरांचं नाव लागेल, असं सांगून टाकलं. अजून फाइलही उघडलेली नाही. पण काकू महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. आता शब्द मागे कसा घेणार?

१२ मार्च
साध्या दुर्बिणीच्या फोटोत त्या जागी काहीच नाही. कोरा काळोख. म्हणजे कृष्णविवर धुळीआड दडलंय. उत्तम!
कॅमेरावाली (आमच्या उपग्रहावरचा कॅमेरा सांभाळणारी इंजिनिअर) म्हणाली, आधी कॅमेरा तपासू या. हिला जिथे तिथे कॅमेराच दिसतो. बायको म्हणते, मी झोपेत सरांशी भांडतो. मी कुणाशीच भांडत नाही, हे तिला ओरडून सांगावं लागलं.

२० मार्च
ही जागा दरवर्षी ऑगस्टमध्ये पाहतात. मी हट्टाने मार्चमध्ये पाहायला लावली. ठिपका आहे! पण जागेवरून सरकलाय. म्हणजे जवळची, वेगाने जाणारी वस्तू. कृष्णविवर बाद, शोध त्याहून मोठा. काकूंना फोन केला: किरकोळ बदल आहे, काळजी करू नका.

२४ मार्च
सहज म्हणून आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाचं चित्र उघडलं. तिथेही ठिपका. तेवढाच अंधुक. तिसरं उघडलं. तिथेही.
भर दुपारी खोलीतले सगळे दिवे लावले, दार सताड उघडं ठेवलं. घाबरलो वगैरे नाही. हवा खेळती असलेली बरी.

२६ मार्च
कॅमेऱ्याचं झाकण बंद ठेवून घेतलेलं चित्र कॅमेरावालीने समोर ठेवलं. त्यात आकाशच नाही. ठिपका आहे.
झाकण भेदून येतो म्हणजे केवढा प्रखर असेल, असं मी म्हणालो. मोठ्याने. ती हसली नाही, शेजारी येऊन बसली. म्हणाली, कॅमेऱ्यातला कण टिपणारा एक बिंदू पहिल्यापासून बिघडलाय, काही नसताना मधूनच पेटतो. दर ऑगस्टला उपग्रह त्याच कोनात वळायचा, म्हणून डाग आकाशात त्याच जागी पडायचा. सरांना झाकण लावून बघायचं कधी सुचलंच नाही. मलाही नाही. फार वाईट वाटलं. सरांसाठीच, अर्थात.

३० मार्च, संध्याकाळी
आज सांगायचंच, असं ठरवून काकूंकडे गेलो. काकूंनी गॅलरीतली सरांची खुर्ची ठिपक्याच्या दिशेला वळवून ठेवलीय. रोज संध्याकाळी तिथे बसतात. म्हणाल्या, मला काही दिसत नाही रे, पण हे तिथे आहेत असं वाटतं. मग विचारलं, तुला अजून दिसतो ना तो?
म्हटलं, दिसतो काकू. जिथे पाहीन तिथे दिसतो.
यात खोटं काही नाही. काकूंनी माझा हात धरला आणि त्या रडल्या. मग मीही रडलो.
संकल्प: उद्या नक्की सांगायचं. उद्या नाही जमलं, तर फार तर सोमवारी.